त्यांच्याबरोबर काम केलंय कोणी?

२१ जुलै २०२४, रविवार. जुलै सरत आला की आयोवात रस्त्याच्या कडेला छोटे ट्रक उभे राहतात आणि गोड मक्याची कणसं डझनाच्या भावाने विकली जातात. सकाळीच मी दोन डझन आणली होती. मामा डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून कणसं सोलत होते आणि मी किसणीवर किसत होते. दुपारचा एक वाजत आला होता. फोन थरथरला. जो बायडन यांनी उमेदवारी मागे घेतल्याची बातमी होती.

मामा सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात बत्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मे महिन्यात ते आमच्याकडे, डे मॉईनला आले. मी इथे एका विमा कंपनीत जोखीम तपासायचं काम करते. २०१७ साली मी अमेरिकेची नागरिक झाले. मामांना ते कधी फारसं रुचलं नव्हतं, पण माझ्या मताधिकाराबद्दल मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त उत्सुकता.

बातमी ऐकून ते म्हणाले, “म्हणजे हिवाळ्यात लोकांनी मतं देऊन ज्यांना उभं केलं, त्यांना उन्हाळ्यात पुढाऱ्यांनी खाली बसवलं.”

“आपणहून बसले ते.”

“बसले काय, बसवले काय. मला एवढंच सांग, त्यांना झेपत नाही हे आत्ता कळलं का? २७ जूनला अटलांटातल्या वादसभेत सगळ्या देशाने पाहिलं, ते ठीक. पण त्यांच्याबरोबर रोज बसणाऱ्यांना काहीच दिसत नव्हतं? अगं, तुमच्या या पद्धतीत लायक माणूस शोधायची सोयच नाही. घटनेत अटी तीन. वय पस्तीस, जन्माने नागरिक आणि चौदा वर्षं देशात राहिलेला. आमच्या शाळेत शिपाई नेमायचा तरी यापेक्षा जास्त विचारायचे.”

“अटी कमी ठेवल्या, कारण पारख करायला माणसं ठेवली होती.”

“होती ना! तेच म्हणतोय मी. १७८८ साली हॅमिल्टनने फेडरलिस्ट लेखमालेच्या अडुसष्टाव्या लेखात काय लिहिलं होतं? प्रत्येक राज्यातून जाणती माणसं निवडली जातील, ती शांतपणे विचार करून राष्ट्राध्यक्ष ठरवतील, म्हणजे नुसत्या लोकप्रियतेच्या क्लृप्त्या येणाऱ्या माणसाला तिथवर पोचता येणार नाही. तेच तुमचं निर्वाचक मंडळ. आज ते काय करतं? राज्याने सांगितलेल्या नावापुढे खूण करतं. २०२० साली सुप्रीम कोर्टानेही सांगून टाकलं की राज्य इलेक्टरला वचनाला बांधून ठेवू शकतं. पारख करायला नेमलेला माणूस नुसता पोस्टमन झाला.”

मामा वर्गात शिकवावं तसं बोलत होते, पण मुद्दा खोटा नव्हता. शिवाय तो पोस्टमनही चिठ्ठी सरळ पोचवत नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडली, आणि तीन राज्यांतल्या मिळून सुमारे ७८ हजार मतांनी अध्यक्षपद डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेलं. हे मीच त्यांना सांगितलं. पण लायकीबद्दलची त्यांची कल्पना मला पटत नव्हती.

“मामा, लायकी म्हणजे तुम्ही काय धरता? शिक्षण, अनुभव, आधी भूषवलेली पदं?”

“आणखी काय धरायचं?”

“मग आपण गेल्या महिन्यात वेस्ट ब्रँचला कोणाचं घर पाहिलं?”

ते हसले. आयोवात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तिथे नेतो. डे मॉईनहून पूर्वेला दोन तासांवर वेस्ट ब्रँच नावाचं खेडं आहे. तिथे हर्बर्ट हूवर जन्मले, १८७४ साली. घर दोन खोल्यांचं, चौदा फूट बाय वीस फूट. मामा उंबऱ्याशी उभे राहून बराच वेळ आतली खाट बघत होते. “आपल्याकडे गडीमाणसाची खोली असते एवढी,” असं म्हणाले होते. नऊ वर्षांचे असताना हूवर पोरके झाले. पुढे स्टॅनफर्डला शिकून खाणींचे इंजिनियर झाले आणि जगभर कामं केली. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियममध्ये उपासमार सुरू झाली, तेव्हा लाखो लोकांना अन्न पोचवायची व्यवस्था त्यांनी उभी केली. नंतर आठेक वर्षं व्यापारमंत्री होते. १९२८ साली ते ४४४ विरुद्ध ८७ इलेक्टरच्या मतांनी निवडून आले. राष्ट्राध्यक्षपदासाठी जाहिरात देऊन अर्ज मागवले असते, तर त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मुलाखतीलाही बोलवावं लागलं नसतं.

“आणि पुढल्या वर्षी बाजार कोसळला,” मामा म्हणाले. “त्यात त्या माणसाचा काय दोष?”

“बाजार पडला तो दोष नाही. पण १९३० मध्ये हजारावर अर्थतज्ज्ञांनी सही करून विनवलं, की आयातीवर जकात वाढवणाऱ्या विधेयकावर सही करू नका. त्यांनी केली. बेकारांना केंद्र सरकारने थेट मदत द्यायची नाही, यावर ते अडून बसले. बेल्जियमला जेवू घालणारा माणूस स्वतःच्या देशात लोकांना निर्दय वाटायला लागला. आणि मामा, अध्यक्ष होण्याआधी ते कुठल्याही पदावर निवडून आले नव्हते. हुकूम देता येत होते, मन वळवता येत नव्हतं. रूझवेल्ट आले आणि आठवड्याभरात रेडिओवरून लोकांना साध्या भाषेत बँक म्हणजे काय ते सांगितलं. लोक घरात दडवलेले पैसे घेऊन पुन्हा बँकेच्या रांगेत उभे राहिले. ही लायकी कुठल्या प्रमाणपत्रात दिसते? निवडणुकीतच दिसते. तुम्ही ज्याला लोकप्रियतेच्या क्लृप्त्या म्हणता, त्यातला निम्मा भाग राज्य चालवण्याचाच असतो.”

“निम्मा,” मामांनी तो शब्द उचलला. “उरलेल्या निम्म्याचं काय?”

“उरलेला निम्मा कागदावर कळत नाही, एवढंच म्हणणं आहे माझं. जेम्स ब्युकॅनन घ्या. प्रतिनिधीगृह, सिनेट, रशियात राजदूत, ब्रिटनमध्ये राजदूत, परराष्ट्रमंत्री. एवढं सगळं करून अध्यक्ष झाले आणि त्यांनी खुर्ची सोडली तेव्हा सात राज्यं फुटून निघाली होती. त्यांच्या जागी आला तो इलिनॉयचा वकील. काँग्रेसमध्ये एकच मुदत काढलेला, सिनेटसाठी उभा राहून पडलेला.”

“लिंकन सगळ्यांनाच सापडतात वादात,” मामा म्हणाले. “पण ते कसे निवडले गेले ते बघ की. १८६०च्या मे महिन्यात शिकागोला पक्षाचं अधिवेशन. सिवर्ड पुढे होते, न्यू यॉर्कचे गव्हर्नर राहिलेले, सिनेटर. पहिल्या फेरीत लिंकन बरेच मागे. तिसऱ्या फेरीत लिंकन. का? लायक म्हणून नव्हे. पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, इलिनॉय ही राज्यं सिवर्डना मिळणार नाहीत, लिंकनना मिळतील, हा हिशोब. लॉटरी लागली देशाला. लॉटरीला पद्धत म्हणायचं का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या कामात मी एवढं शिकले आहे, की दहा हजार माणसांचं सरासरी काय होईल ते कागद सांगतो. समोरच्या एका माणसाचं काय होईल ते सांगत नाही. आणि अमेरिकेत आजवर अध्यक्ष झालेली माणसंच मुळी पंचेचाळीस. एवढ्यावरून कुठला नियम काढणार? दोन्ही बाजूंना हवं ते उदाहरण मिळतं.

म्हणून मी त्यांना इतिहास सोडून मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगितली.

३ फेब्रुवारी २०२०. बाहेर बर्फाचे ढीग, संध्याकाळचे सात. आमच्या वॉर्डातले डेमोक्रॅट मतदार एका शाळेच्या जिममध्ये जमले होते. हाच आयोवाचा तेव्हाचा कॉकस. पेटीत चिठ्ठी टाकून घरी जायचं नाही, उघड उभं राहायचं. भिंतींवर उमेदवारांच्या पाट्या, ज्याला जो हवा त्याने त्या पाटीखाली जायचं. ज्या गटात पंधरा टक्के माणसं नाहीत तो गट बाद, त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं. मी ज्या पाटीखाली उभी होते तिथे आम्ही तेरा जण होतो. हवे होते एकोणीस. मग बाकीच्या गटांतली माणसं आमच्याकडे आली. आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त नर्सबाई माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, तुझा विमा तर कंपनीचा आहे, माझ्या मुलीला इन्शुलिन परवडत नाही, आमच्या उमेदवाराचं त्याबद्दल काय म्हणणं आहे ते दोन मिनिटं ऐक. मी ऐकलं. त्यांनी एकही घोषणा दिली नाही. हातातल्या वहीतून आकडे वाचले. मी माझ्या कार्डावर दुसऱ्या पसंतीचं नाव लिहिलं आणि पलीकडच्या भिंतीपाशी गेले. निकाल जमवणारी यंत्रणा बिघडल्याने त्या रात्री राज्याचा निकाल लागलाच नाही आणि आयोवाचं हसं झालं. पण मला ती रात्र आठवते ती त्या वहीमुळे. लोकांना काही कळत नाही असं कोणी म्हटलं, की ती वही माझ्या डोळ्यांपुढे येते.

मामा कणीस हातात धरून ऐकत होते.

“चांगली बाई,” ते म्हणाले. “अगदी मनापासून सांगतो, आपल्याकडे अशी सभा मी पाहिली नाही. पण एक विचारू? त्या जिममध्ये त्या उमेदवारांपैकी कोणाबरोबर काम केलेलं कोणी होतं का?”

“म्हणजे?”

“म्हणजे त्यांच्या हाताखाली, बरोबरीने, समितीत शेजारी बसून. चिडल्यावर तो माणूस काय करतो, चूक झाली तर कोणावर ढकलतो, फाइल वाचून येतो की न वाचता येतो, हे पाहिलेलं कोणी?”

“नाही.”

“तू पहिल्या पाटीखाली का उभी राहिलीस?”

मला खरं सांगावं लागलं. ते उमेदवार एका कॅफेत आले होते, मी प्रश्न विचारला होता आणि त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून शांतपणे उत्तर दिलं होतं. चार मिनिटांची भेट. तेवढ्यावर मी जगातल्या सर्वात बलाढ्य सैन्याचा सेनापती सुचवला होता.

“आमच्या शाळेत हेडमास्तर नेमायचा असला की संस्थेचे लोक मुलाखत घ्यायचे,” मामा म्हणाले. “छान बोलणारा नेमला जायचा. पण शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं, शाळा कोण चालवेल आणि कोण बुडवेल. त्यांना कोणी विचारायचं नाही. लायकी कागदावर नसते, तुझं मान्य. चार मिनिटांच्या भेटीतही नसते. ती बरोबर काम केलेल्याला माहीत असते. तुमच्या निवडणुकीत त्या माणसाचीच साक्ष नाही.”

हा मुद्दा मला लागला. आणि नेमकं त्याच क्षणी मला आठवलं, की तारीख २१ जुलै आहे.

“मामा, आज बरोबर ऐंशी वर्षं झाली. २१ जुलै १९४४. साक्षीदारांनी निवड केली ती.”

हेन्री वॉलेस आयोवाचे. शेतकऱ्यांच्या वर्तमानपत्राचे संपादक, संकरित मक्याचं बियाणं विकणारी कंपनी त्यांनी १९२६ साली इथेच, डे मॉईनला काढली. आज आयोवाच्या शेतात डोक्याहून उंच जो मका डुलतो, त्यामागे त्यांच्या कामाचा मोठा वाटा. रूझवेल्टचे कृषिमंत्री, मग उपराष्ट्राध्यक्ष. साध्या डेमोक्रॅट मतदारांत अतिशय लोकप्रिय. पण १९४४ मध्ये रूझवेल्ट खंगत चालले होते आणि पक्षाच्या मोठ्या माणसांना दिसत होतं, की आपण उपराष्ट्राध्यक्ष नव्हे तर पुढचा राष्ट्राध्यक्ष निवडतो आहोत. पक्षाध्यक्ष हॅनेगन, शिकागोचे महापौर केली, असे मोजके लोक रूझवेल्टना भेटले आणि वॉलेसना काढायचं ठरलं. शिकागोच्या अधिवेशनात २० तारखेच्या रात्री सभागृह वॉलेसच्या नावाने दुमदुमत होतं, ऑर्गनवर आयोवाच्या मक्याचं गाणं वाजत होतं. सभाध्यक्षांनी बैठक तहकूब केली. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीतही वॉलेसच पुढे होते. दुसऱ्या फेरीत हॅरी ट्रुमन निवडले गेले.

ट्रुमन यांच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. कपड्यांचं दुकान काढून ते बुडालं होतं. पण युद्धसामग्रीच्या कंत्राटांची चौकशी करणारी सिनेटची समिती त्यांनी चालवली होती, आणि ती कशी चालवली हे सहकाऱ्यांनी जवळून पाहिलं होतं. ब्याऐंशी दिवस उपराष्ट्राध्यक्ष राहिले आणि १२ एप्रिल १९४५ला रूझवेल्ट गेले. अणुबाँबची सगळी माहितीसुद्धा त्यांना त्यानंतर मिळाली. पुढच्या आठ वर्षांत त्यांनी जे पेललं ते कोणत्याही मुलाखतीत दिसलं नसतं. आपल्या हूवरना त्यांनीच १९४६ मध्ये जगातल्या अन्नटंचाईची पाहणी करायला पाठवलं. त्या दौऱ्यात हूवर भारतातही आले होते.

“बघ,” मामा म्हणाले.

“पूर्ण ऐका. वॉलेस त्या पुढाऱ्यांना का नको होते? ते भोळे आहेत, रशियाबद्दल जास्तच विश्वास ठेवतात, हे एक. पण दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना ते काळ्या माणसांच्या हक्कांबद्दल उघड बोलतात हेच खपत नव्हतं. ही तुमची साक्ष.”

“आणि १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद मोडायचा हुकूम कोणी काढला? ट्रुमननीच ना?”

“काढला. पण पुढाऱ्यांनी त्यासाठी निवडलं नव्हतं त्यांना. मामा, त्या बंद खोलीत बसायचे ते सगळे गोरे पुरुष. १९२०मध्ये अशाच खोलीतून हार्डिंग निघाले आणि त्यांच्या मित्रांनी सरकारी तेलसाठे भाड्याने देऊन पैसे खाल्ले. १९६४ साली मिसिसिपीहून फॅनी लू हेमर अधिवेशनाला आल्या. मतदारनोंदणीच्या चळवळीत काम करते म्हणून तुरुंगात मला कसं मारलं, हे त्यांनी सगळ्या देशासमोर सांगितलं. तरी पक्षाने मिसिसिपीची खुर्ची गोऱ्यांच्याच मंडळाला दिली. १९६८ला हंफ्री एकही प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायची पक्षाची निवडणूक, न लढवता उमेदवार झाले, बाहेर रस्त्यावर पोरं मार खात होती. मग दारं फोडली लोकांनी. १९७२ पासून प्रायमरी आणि कॉकस निर्णायक झाले ते त्यामुळे. त्या जिममध्ये माझ्यासारखी सांगलीकडची बाई उभी राहू शकली ती त्यामुळे. ती खोली परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही.”

मामा गप्प झाले. त्यांना हेमरबाईंची गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी ती मला पुन्हा, सावकाश सांगायला लावली.

नंतर म्हणाले, “खोली परत आणा असं मीही म्हणत नाही. माणसं त्या खोलीतून बाहेर काढली, चांगलं केलं. पण त्यांना माहीत असलेलंही त्यांच्याबरोबर बाहेर गेलं. आता ज्याला माहीत आहे तो बोलत नाही, कारण उद्या त्यालाही प्रायमरी लढवायची आहे.”

माझं मत इथे त्यांच्या बाजूने झुकलं, ते आजही तसंच आहे. डेमोक्रॅटिक पक्षाने १९८४ पासून आपल्या खासदारांना आणि गव्हर्नरांना अधिवेशनात आपापलं मत दिलं, आणि २०१८ मध्ये पहिल्या फेरीपुरतं ते काढून घेतलं. लोकांच्या कौलावर कोणी वरचढ होऊ नये म्हणून काढलं, ते योग्यच. पण मत नसलं तरी तोंड असतं. बायडन यांच्या बैठकांना बसणाऱ्यांनी जे जुलैमध्ये डझनावारी निवेदनं काढून सांगितलं, ते जानेवारीत सांगायला हवं होतं. तेव्हा माझ्यासारख्या मतदाराच्या हातात निवड होती. जुलैत नव्हती. कमला हॅरिस यांना उमेदवारी मिळाली ती त्या वर्षी एकही प्रायमरी न लढवता, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

निवडणूक सर्वात लायक माणूस देते का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे. ती लोकांचं मन वळवू शकणारा माणूस देते, आणि नको झाला की चार वर्षांनी काढता येतो. हूवर १९३२ मध्ये गेले. ही थोडी गोष्ट नाही. पण लायकीची माहिती मतदारापर्यंत पोचवायचं काम मतपेटीचं नाही. ते बरोबर काम केलेल्यांचं आहे, आणि मी मामांना तेव्हा म्हटलं, की एवढी साक्ष वेळेवर झाली तर बाकीचं आम्ही मतदार बघून घेऊ.

कीस झाला. इथला मका फार गोड, म्हणून मिरची दुप्पट घालावी लागते. मामांनी वरून लिंबू पिळलं.

ते दिवाळीआधी परत गेले. भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, मी मत दिलं. त्या निवडणुकीत तरी साक्षीची उणीव नव्हती. ट्रम्प यांच्याबरोबर चार वर्षं उपराष्ट्राध्यक्ष राहिलेल्या माइक पेन्स यांनी त्यांना पाठिंबा द्यायचं मार्चमध्येच जाहीरपणे नाकारलं होतं. त्यांचे चीफ ऑफ स्टाफ राहिलेले जॉन केली ऑक्टोबरमध्ये त्यांच्याविरुद्ध उघड बोलले होते. त्यांच्याबरोबर काम केलेले दुसरे अनेकजण तितक्याच ठामपणे त्यांच्या बाजूने उभे होते. हे सगळं देशाने मतदानाआधी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. निकाल त्यांना कळला होता. “साक्ष झाली होती ना गं?” त्यांनी विचारलं.

“झाली होती,” मी सांगितलं. “ट्रम्प ३१२, हॅरिस २२६ असं दिसतंय. या वेळी देशभरातली मतंही त्यांनाच जास्त आहेत.”